एका 'हौ'चं भाषांतर

बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. चिक्कडपल्लीच्या मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत, तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बाळकृष्ण देगलूरकर फळ्यावर दोन शब्द लिहून हात झटकतायत. डावीकडे 'येस', उजवीकडे 'नो'. मध्ये त्यांनी खडूनं उभी रेघ ओढलीय आणि ती पुन्हा गिरवलीय.

समोर बाकांवर तरुण इंजिनिअर बसलेत. कुणी न्यू जर्सीला निघालंय, कुणी जर्मनीला, कुणाचा व्हिसा अजून व्हायचाय. साल २००२. दोन वर्षांपूर्वी हा वर्ग गच्च भरायचा. मग अमेरिकेतल्या नोकऱ्या आटल्या आणि मागची बाकं रिकामी झाली. कॉम्प्युटर यांना शिकवावा लागत नाही, तो त्यांना येतो. परदेशातल्या साहेबाशी बोलायचं कसं, ते देगलूरकर शिकवतात.

"मॅनेजर विचारतो, शुक्रवारपर्यंत काम होईल का? होणार नाहीये, तुम्हाला माहीत आहे. काय सांगाल?"

"आय विल ट्राय, सर," मागून एक जण.

"म्हणजे होईल की नाही?"

"ट्राय तो करेंगे ना, सर."

वर्ग हसतो. खिडकीशी बसलेली मेघना हात वर करते. काचीगुड्याच्या मराठी घरातली मुलगी. मराठी बोलते, वाचायला दिलं की अडखळते. "काका... सॉरी, सर. डायरेक्ट नो म्हटलं तर रूड नाही वाटणार? आमच्या घरी बाबासुद्धा आईला नो नाही म्हणत. 'बघू' म्हणतात."

"आणि आई काय समजते?"

"नो समजते."

"तिकडे तुझी आई मॅनेजर नाहीये."

हे ते प्रत्येक तुकडीला ऐकवतात आणि प्रत्येक तुकडी हसते. मग ते मूळ मुद्द्यावर येतात. हैदराबादेत वाढलेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द आपोआप येतो, 'हौ'. शब्दकोशात बघितलं तर त्याचा अर्थ हो. बोलण्यात तो कधी हो असतो, कधी 'ऐकतोय', कधी 'तुमचं बोलून होऊ द्या', कधी 'तुम्ही मोठे, मी काय बोलणार'. इथली दख्खनी उर्दू बोलणारे तो म्हणतात, तेलुगू घरातले म्हणतात, मराठी घरातले तर त्यांच्या 'हो'शी जुळतो म्हणून जास्तच म्हणतात. "विमानात बसण्याआधी तो इथंच ठेवून जा," देगलूरकर सांगतात. "तिकडे हो म्हटलं की हो. माणूस तुमच्या होवर सही करून मोकळा होतो."

मेघनाचा हात पुन्हा वर. "सर, तुम्ही फॅक्टरीत ट्रान्सलेट करायचात ना? कधी मिस्टेक झाली का?"

"नो," देगलूरकर म्हणतात, आणि बोट फळ्याच्या उजव्या बाजूकडे नेतात. वर्ग पुन्हा हसतो. उत्तर स्पष्ट आहे, एका शब्दाचं आहे, ते शिकवतात तसंच आहे.

त्या खिडकीतून खाली बघितलं तर इमारतीचं फाटक दिसतं. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर निळ्या वर्दीतले वॉचमन बसलेले असतात. त्यांचं नाव दत्तोबा बिरादार. वर शिकवला जाणारा हा धडा त्यांच्यापासून सुरू झाला. त्यांना ते माहीत नाही.

देगलूरकरांचा जन्म १९४१चा, गौलीगुड्यातला. वडील केशवराव वकील होते. कोर्टात उर्दूत युक्तिवाद करायचे, घरी येऊन त्याच खटल्यावर मराठीत चिडायचे. मुलाला पहिल्या इयत्तेत अलिफ-बे गिरवायला लागलं. संस्थान गेलं, तशी पाटीवर बाराखडी आली. कॉलेजात सगळं इंग्रजी. तेलुगू तो शिकला गल्लीत, विटी-दांडू खेळताना. या सगळ्याचं पुढं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. १९६४ साली बालानगरच्या 'मुशी व्हाल्व्ज' या कारखान्यात तो कारकून म्हणून लागला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला उत्तर मिळालं.

त्या वर्षी फौंड्रीत, म्हणजे जिथं वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तिथं, भालकीकडचा एक पोरगा हेल्पर म्हणून आला. शेतकरी घरातला, मराठी सोडून दुसरं धड काही न येणारा. मुकादम तेलुगूत ओरडायचा आणि हा भट्टीपाशी नेमका उलट्या बाजूला जाऊन उभा राहायचा. एके दिवशी भाजता भाजता वाचला. मुकादमानं कचेरीतून मराठी कारकुनाला बोलावून घेतलं. देगलूरकरांनी आयुष्यात केलेलं पहिलं भाषांतर म्हणजे "भट्टीचं तोंड उघडलं की डावीकडे सर, गाढवा" हे वाक्य. त्यातलं 'गाढवा' त्यांनी गाळलं.

तो पोरगा म्हणजे दत्तोबा. दुपारच्या सुटीत दोघं एकत्र डबा खायला लागले. दत्तोबाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी. देगलूरकरांच्या घरी तोवर भातच जास्त शिजायला लागला होता, त्यामुळं डबे अदलाबदल व्हायचे. चारचौघांत 'देगलूरकर साब', डबा उघडला की 'बाळ्या'. हा नियम कुणी ठरवला नव्हता. पण पुढची तीस वर्षं तो मोडला नाही.

कारकुनाचे देगलूरकर कामगार कल्याण अधिकारी झाले, ते त्यांच्या गाळण्याच्या कौशल्यावर. मालक रेड्डी तेलुगूत म्हणायचे, "आ गाडिदकि चेप्पु," त्या गाढवाला सांग, की उद्या आला नाही तर परवा येऊच नको. देगलूरकर बाहेर येऊन दख्खनीत सांगायचे, मालकांना तुमची फिकीर आहे, उद्या जरा वेळेवर या. युनियनचा पुढारी म्हणायचा, ऑफिस जाळून टाकू. आत निरोप जायचा, मंडळी थोडी नाराज आहेत. शेजारच्या कारखान्यांत टाळी लागली, मोर्चे निघाले, एका ठिकाणी गोळीबार झाला. 'मुशी'त एकही संप झाला नाही.

"तू गौलीगुड्याचा ना," दत्तोबा डबा खाताना त्या गवळ्यांच्या वस्तीवरून डिवचायचे. "म्हणूनच सगळ्यात पाणी घालतो."

"पाणी घातलं नसतं तर तुझा पुढारी आज आत असता."

"हौ, हौ. घाल. पर मेरे दूध में कम डाल."

१९९५ साली जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीनं 'मुशी'चा निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. सरकारनं चार वर्षांपूर्वी दारं उघडली होती. बालानगरात ती उघडल्याचा पहिला पुरावा म्हणजे कारखान्याच्या दारात उभा राहिलेला क्रेमर नावाचा उंच इंजिनिअर. तो इंग्रजी सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलायचा आणि प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायचा. ही दुसरी सवय कारखान्याला नवीन होती.

पहिल्याच आठवड्यात क्रेमरच्या एक गोष्ट लक्षात आली. तो पाच वाक्यं बोलायचा, देगलूरकर दोन सांगायचे. कामगार हातवारे करत कितीतरी वेळ बोलायचा, आणि देगलूरकर इंग्रजीत म्हणायचे, तो सहमत आहे. तिसऱ्या बैठकीनंतर क्रेमरनं त्यांना थांबवून घेतलं.

"मिस्टर देगलूरकर, हा व्हाल्व्हचा कारखाना आहे, पण तुम्ही व्हाल्व्ह होऊ नका. मला पाइप हवाय. मी या टोकाला जे ओततो ते त्या टोकाला पडलं पाहिजे. तितकंच."

त्यांना आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरच्या हॉटेलात पाठवण्यात आलं. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी एकत्र काम कसं करावं, हा विषय. शिकवणारी बाई डच होती. तिनं सांगितलेली एक गोष्ट देगलूरकरांना अजून शब्दशः पाठ आहे: समोरचा जे बोलतो ते त्याचं, आणि जे बोलत नाही तेही त्याचंच, तुम्ही त्याचे पालक नाही.

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं, असं देगलूरकर आता म्हणतात. तेव्हा हलकं वाटलं. आयुष्यभर दोन्ही बाजूंचा राग पोटात घेऊन, गाळून, थंड करून पलीकडे द्यायचा, हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पण आता ते करायची गरज नाही, असं कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं.

ते परतले ते पाइप होऊन. कामगार जे बोलेल ते जसंच्या तसं आत, क्रेमर जे बोलेल ते जसंच्या तसं बाहेर. सुरुवातीला दोन्हीकडे धक्के बसले. मग कामं भराभर व्हायला लागली, हे नाकारता येत नाही. कुठल्या यंत्राला खरंच किती दिवस लागणार आहेत, हे क्रेमरला पहिल्यांदाच कळायला लागलं. जर्मनीहून येणारे लोक देगलूरकरांना नावानं विचारायचे. नवीकोरी काचेची केबिन मिळाली. पुढचं मनुष्यबळ व्यवस्थापकाचं पद त्यांचंच, असं बोललं जायला लागलं.

घरी मात्र या पाइपचा जाच व्हायला लागला. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई कोठीजवळच्या एका मराठी शाळेत शिकवायच्या. "मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं," त्या सांगतात. "कुणीही 'बघू, जमवतो' म्हणतो की नाही? यांनी मामींना तोंडावर सांगितलं, येणार नाही. मामी म्हणाल्या, का गं, काही चुकलं का आमचं? मी म्हटलं, नाही हो, जर्मन कंपनीनं 'नाही' म्हणायला शिकवलंय, सराव चाललाय."

१९९७च्या उन्हाळ्यात फौंड्री बंद करायचं ठरलं. साच्यातलं ओतकाम बाहेरून, कोइम्बतूरहून विकत आणणं कंपनीला स्वस्त पडत होतं. फौंड्रीतल्या प्रत्येक माणसाला एकेकट्याला बोलावून विचारायचं, असं क्रेमरनं ठरवलं. सगळ्यांना एकत्र नोटीस चिकटवणं त्याला असभ्य वाटत होतं. दत्तोबा तोवर फौंड्रीचे फोरमन झाले होते. त्यांच्यासाठी जागा राखलेली होती: बाहेरून येणारा माल तपासायची. क्रेमरनं तसं देगलूरकरांना आधीच सांगितलं होतं. हा माणूस राहील, अशी त्याची अपेक्षा होती.

देगलूरकरांनी ते दत्तोबांना सांगितलं नाही. बैठकीत निघायचा विषय आधी फोडायचा नाही, हे ते बंगळूरला शिकले होते.

त्या दिवशी दत्तोबा घरून निघताना त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी विचारलं होतं, काय बोलायचं ते ठरवलंत का? त्यांना मिळालेलं उत्तर असं: "मला काय बोलायचंय? बाळ्या बसलाय तिथं."

खोलीत तिघं होते. क्रेमरनं इंग्रजीत दोन्ही पर्याय मांडले. देगलूरकरांनी ते मराठीत आणले, एकही शब्द न गाळता. कचेरीतली बैठक, म्हणून 'तुम्ही' घातलं.

"बिरादार, फौंड्री बंद होतेय. बाहेरून येणारा माल तपासायचं काम आहे, ते नव्यानं शिकावं लागेल. नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन जाता येईल. तुम्हाला जायचंय का?"

दत्तोबा खाली बघत होते. तीस वर्षांत देगलूरकरांनी त्यांना पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं.

"हौ," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" क्रेमर.

"येस म्हणाले. जायचंय."

क्रेमरच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा विचारा. नीट खात्री करून घ्या."

"नक्की ना?" देगलूरकरांनी विचारलं.

"हौ साब. आता तुम्ही म्हणाल तसं."

देगलूरकरांनी तेही इंग्रजीत केलं, शब्दाला शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ 'बरोबर, तुम्ही म्हणता तेच' असा झाला. क्रेमरनं मान हलवली, दत्तोबांशी उठून हस्तांदोलन केलं, आणि त्यांच्या कामाबद्दल दोन चांगली वाक्यं बोलला. ती वाक्यंही देगलूरकरांनी जशीच्या तशी मराठीत आणली. दत्तोबा त्यांनाही हौ म्हणाले.

शनिवारी फाटकावर निवृत्ती घेणाऱ्यांची यादी लागली. दत्तोबा यादी वाचून सरळ काचेच्या केबिनमध्ये आले. दार उघडं होतं, बाहेर टायपिस्ट बसलेला होता, तरी त्यांनी 'साब' म्हटलं नाही.

"बाळ्या, त्यात माझं नाव कसं लागलं?"

"तू हौ म्हणालास."

"मग? हौ तो मैं हमेशा बोलता. तीस बरस से बोल रऊँ. तू आजच ऐकलास क्या?"

"मी दोनदा विचारलं, दत्तोबा."

"तू विचारतोय म्हणूनच हौ बोललो ना रे! वाटलं, तू आहेस मधे, तू बोलशील माझ्या बाजूनं. नहीं तो कायकू बैठा था उधर?"

देगलूरकर उठले आणि क्रेमरकडे गेले. दत्तोबा केबिनमध्येच उभे राहिले, खुर्ची असून.

क्रेमरनं ऐकून घेतलं. त्यालाही नवल वाटलं होतं, असं तो म्हणाला. कागद अजून त्याच्या टेबलावर होते, सोमवारी जर्मनीला जायचे होते. "भाषांतरात चूक झाली असेल तर सांगा," तो म्हणाला. "चुका होतात. मी आत्ता नाव काढतो."

सुटकेची इतकी सोपी वाट क्वचित मिळते. 'हो, माझी चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की दोन वर्षांत कमावलेलं सगळं, म्हणजे या माणसाच्या शब्दात भेसळ नसते ही कीर्ती, त्याच टेबलावर ठेवून यावं लागणार होतं. व्यवस्थापकाच्या पदाची घोषणा त्याच महिन्यात होती. शिवाय देगलूरकरांना खरंच वाटत होतं की शब्दाला शब्द ताडून बघितला तर चूक नाहीये.

"भाषांतर बरोबर होतं," ते म्हणाले.

"मग निर्णय त्यांचा आहे," क्रेमर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याच्या बाजूनं तो बरोबरही होता.

देगलूरकर केबिनमध्ये परत आले. दत्तोबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "हौ साब," ते म्हणाले, आणि गेले. त्यानंतर 'बाळ्या' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

"दोन शब्द होते. माझं चुकलं," सुशीलाबाई म्हणतात. "पाच भाषा येतात यांना. एकीतही ते जमलं नाही."

व्यवस्थापकपद मिळालं. पुढच्या वर्षी कंपनीनं देगलूरकरांना दोन आठवडे जर्मनीला नेलं. एका रविवारी क्रेमरनं त्यांना गावाकडे, आईच्या घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर प्लमचा केक आला आणि फोन वाजला. म्हातारी फोनवर बराच वेळ होती. पलीकडून कुणीतरी बोलत होतं आणि ही खिडकीबाहेर बघत, एका हातानं टेबलावरचे तुकडे गोळा करत म्हणत होती, "या... या, या... या."

जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, एवढं देगलूरकरांना माहीत होतं.

"कशाला एवढा होकार देतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

क्रेमर हसला. "होकार कसला! माझी मावशी आहे. तिला वाटतं, आईनं घर विकून तिच्याकडे राहायला यावं. आई मेली तरी जाणार नाही. ती फक्त ऐकतेय."

देगलूरकरांच्या हातात केकची बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली. क्रेमरला त्यात काही वावगं वाटलं नाही; दुसऱ्या एका खोलीतला दुसरा एक माणूस त्याला आठवायचं कारण नव्हतं. आठवण करून देता आली असती. देगलूरकर म्हणाले, केक छान आहे.

हैदराबाद सोडून कधी बाहेर न पडलेल्या माणसाला वाटतं, तिकडचे लोक वेगळे असतात. बाहेर जाऊन आलेल्याला कळतं, तेही घरी आपल्यासारखेच असतात. ऑफिसात मात्र वेगळे नियम पाळतात. देगलूरकरांना हे कळलं, तेव्हा त्याचा उपयोग होईल असं कुणी कारखान्यात उरलेलं नव्हतं. फौंड्रीच्या जागेवर गाड्या लावायची शेड झाली होती.

१९९९मध्ये ते निवृत्त झाले. दत्तोबांनी मधल्या काळात जीडीमेटल्याच्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम केलं. ते बंद पडल्यावर ते वॉचमन झाले. चिक्कडपल्लीत जुनी घरं पाडून अपार्टमेंटं उभी राहत होती, आणि प्रत्येक अपार्टमेंटला वर्दीतला माणूस हवा होता. सॉफ्टवेअरच्या शहरात पन्नाशीपुढच्या साचेवाल्याला दुसरं काम मिळालं नाही.

देगलूरकरांना अमीरपेठेतली एक मोठी संस्था शिकवायला बोलावत होती. तिथं वर्ग वातानुकूलित होते. त्यांनी ही लहान, पहिल्या मजल्यावरची, पंखा कुरकुरणारी संस्था निवडली. घराजवळ आहे, असं कारण त्यांनी दिलं. त्यांचं घर अजून गौलीगुड्यात आहे. गौलीगुड्याहून चिक्कडपल्ली काही जवळ नाही. दत्तोबाही तिकडेच राहतात, दोन गल्ल्या पलीकडे, पण तिथं देगलूरकर दिसले की ते रस्ता बदलतात. फाटकावर त्यांना रस्ता बदलता येत नाही.

रोज सकाळी साडेसहाला देगलूरकर आत शिरतात. दत्तोबा उठून उभे राहतात.

"नमस्ते साब."

"बस रे, उठतोस कशाला?"

"हौ साब," दत्तोबा म्हणतात, आणि उभेच राहतात.

नऊला वर्ग सुटला की देगलूरकर खाली येऊन विचारतात, चहाला येतोस का? कोपऱ्यावर हॉटेल आहे; एक चहा मागवून दोघांत वाटून घ्यायची, 'वन बाय टू'ची, या शहराची पद्धत आहे. पहिल्या दिवशी दत्तोबांनी कारण सांगितलं होतं: "वर्दीत हॉटेलात बसत नाही साब. सोसायटीवाले बोलतात." त्यानंतर कारणही नाही. रोज 'हौ साब', आणि रोज देगलूरकर एकटेच कोपऱ्यावर जातात.

त्यांना माफी हवी आहे असं ते म्हणत नाहीत. दत्तोबांनी एकदा शिव्या घालाव्यात, 'बाळ्या' म्हणून घालाव्यात, एवढंच त्यांना हवंय, असं सुशीलाबाईंना वाटतं. "पण समोरच्यानं शिवी घालायची तर आधी आपण तोंड उघडायला नको?"

या बुधवारी वर्ग नेहमीसारखाच सुटला. देगलूरकरांनी फळा पुसला. 'येस' आधी पुसलं, मग रेघ, मग 'नो'. जिन्यात मेघना मैत्रिणीला सांगत होती, "सर एकदम परफेक्ट आहेत यार. इतकी वर्षं, एकही मिस्टेक नाही." देगलूरकर मागून उतरत होते. त्यांनी ते ऐकलं. मुली स्कूटीवर बसून गेल्या तरी ते शेवटच्या पायरीवर थांबलेलेच होते.

मग ते फाटकाशी गेले. दत्तोबा उभे राहिले.

"दत्तोबा, त्या दिवशी माझं चुकलं."

"कौन से दिन साब?"

"क्रेमरसमोर. भाषांतर माझं चुकलं होतं. त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही."

दत्तोबांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

"वो?" ते म्हणाले. "वो तो परसों की बात है. जाने दो."

हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवा. पण माणूस गेल्या वर्षीच्या लग्नालाही परसों म्हणतो आणि लहानपणीच्या पुरालाही. होऊन गेलेलं, आता त्याचं काय, असा त्याचा अर्थ होतो. आणि कालच घडल्यासारखं ताजं आहे, असाही होतो. ज्यांनी जन्मभर या बोलीची भाषांतरं केली, त्या देगलूरकरांनी यातला कुठला अर्थ घ्यायचा ते विचारलं नाही. खात्री करून घ्यायचा प्रश्न त्यांनी एकदा विचारून बघितला होता.

"उद्या चहाला येशील?" ते एवढंच म्हणाले.

"हौ," दत्तोबा म्हणाले. त्याच वेळी आतून एक मारुती हॉर्न वाजवत आली आणि ते फाटक उघडायला वळले. पुढं 'साब' होतं की नाही, ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. देगलूरकर कोपऱ्यावर गेले आणि एकट्यानं चहा घेतला.

उद्या गुरुवार. सातच्या वर्गात 'येस आणि नो'चा पुढचा भाग आहे, तसं नोटीस बोर्डावर लावलंय. गुरुवारी दत्तोबा बिरादारांची साप्ताहिक सुटी असते; त्या दिवशी फाटकावर दुसरा वॉचमन असतो, आणि जी घालून हॉटेलात बसता येत नाही ती निळी वर्दी गौलीगुड्यात त्यांच्या घरी दोरीवर वाळत असते.